'चार्ज' : एका शब्दाचे ओझे

बदलीचा हुकूम हाती पडला की आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या बिऱ्हाडी दोन गोष्टी एकदम सुरू होतात. आत ट्रंका उघडल्या जातात, आणि बाहेरच्या खोलीत 'चार्ज' हा शब्द घुमू लागतो. चार्ज कोणास द्यावयाचा, नवा माणूस चार्ज केव्हा घेणार, मध्यान्हापूर्वी की नंतर, रोकड आणि किल्ल्या त्याच दिवशी द्यावयाच्या की मोजदाद झाल्यावर? दिल्लीस असा वा शिलाँगला, जबलपुरास असा वा कलकत्त्यास, हा संवाद ठरलेला. उभ्या नोकरीत दहाबारा वेळा चार्ज घेणारा आणि देणारा मराठी अधिकारी या शब्दाकडे वळून मात्र क्वचितच पाहतो. कोटाच्या गुंडीकडे कोण पाहतो? ती तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. आम्ही आज त्या गुंडीचेच परीक्षण करणार आहोत.

इंग्रजी शब्दांच्या बहुअर्थतेची गोष्ट निघाली म्हणजे 'सेट' आणि 'रन' ही दोन नावे पुढे येतात. ऑक्सफर्डच्या थोर कोशाची पहिली आवृत्ती १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ साली पुरी झाली. तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती. पुढील संशोधनात 'रन' या एका क्रियापदाचेच ६४५ अर्थ कोशकारांनी मोजले आणि पहिला मान त्याच्याकडे गेला. आकडा ऐकून थक्क व्हावे हे ठीकच. परंतु हे शब्द इंग्रजांच्या घरचे. आपण त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जावे आणि कौतुक करून परत यावे. 'चार्ज'ची गोष्ट वेगळी आहे. तो आपल्या घरी राहावयास आला, आपल्या क्रियापदांशी त्याने सोयरीक केली, आणि आता तो घेतला जातो, दिला जातो, लावला जातो, केला जातो, होतो आणि उतरतोही. घरात आलेल्या माणसाचे कूळ विचारण्याचा अधिकार यजमानास असतोच.

त्याचे मूळ गाड्यात आहे. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे माल वाहण्याचा गाडा. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये गाडा लादणे या अर्थाचे क्रियापद झाले, आणि ते जुन्या फ्रेंचच्या वाटेने तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरले. आपण फिरतीस नेतो ती 'कार' आणि बंदरावरचा 'कार्गो' ही त्याची भावंडे. इतकेच काय, व्यंगचित्रास इंग्रजीत जे 'कॅरिकेचर' म्हणतात तेही इटालियनमधील 'लादणे' या क्रियापदावरूनच, कारण त्यात कोणाच्या तरी चेहऱ्यावर नाक जरा जास्तच लादलेले असते. हा एक गाडा डोळ्यांपुढे ठेवला की पुढचे पुष्कळ अर्थ उलगडत जातात. बंदुकीत दारू लादली, तो 'चार्ज'. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या बरण्यांवर प्रयोग केले तेव्हा बरणीत वीज साठवणे हे त्यास दारू ठासण्यासारखे दिसले असावे. वीज 'चार्ज' होऊ लागली, आणि अशा बरण्यांच्या समूहास त्याने तोफखान्याचेच 'बॅटरी' हे नाव दिले. एखाद्याच्या खात्यावर रक्कम लादली, तो 'चार्ज'. म्हणून हमालाचे, वकिलाचे आणि विश्रामगृहाचे 'चार्जेस'. माणसाच्या शिरावर काम लादले, तो अधिकाराचा 'चार्ज', आणि त्याच शिरावर गुन्हा लादला, तो आरोपाचा. राजदूताच्या गैरहजेरीत वकिलात सांभाळणाऱ्यास फ्रेंच भाषा 'शार्ज दाफेर' म्हणते, म्हणजे ज्याच्यावर कामे लादली आहेत असा मनुष्य. परराष्ट्र खात्यातील वाचकांस हा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही.

राहिला घोडदळाचा 'चार्ज'. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाच्या खोऱ्यात इंग्रजांचे सहाशेंवर हलके स्वार रशियन तोफांच्या तोंडी गेले, आणि टेनिसनने त्याच वर्षी या प्रसंगावर कविता लिहून 'चार्ज' हा शब्द तिच्या नावातच गोवून ठेवला. कविता अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. आम्हांस त्या दिवसातील अधिक ओळखीचा वाटतो तो हुकुमाचा भाग. सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होता. त्याच्या लेखी हुकुमात तोफांचा नुसता उल्लेख होता. कोणत्या तोफा, हे नव्हते. त्याच्या नजरेसमोर होत्या त्या बाजूच्या टेकड्यांवरच्या, शत्रूने काबीज केलेल्या तोफा. खाली उभ्या असलेल्या लॉर्ड लुकनला त्या दिसतच नव्हत्या. त्यास दिसत होत्या त्या खोऱ्याच्या टोकाच्या रशियन तोफा. वरच्या कचेरीत लिहिलेले पत्र खालच्या कचेरीत कोणत्या अर्थाने वाचले जाते, याचा इतका महाग दाखला आमच्या माहितीत दुसरा नाही.

एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच दालनात समोरासमोर उभे राहावेत असा प्रसंग आपल्याकडेही घडला आहे. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नौदल अधिकारी नानावटी यांचा खटला चालला. आरोपीवर 'चार्ज' होता खुनाचा. आणि पुरावा संपल्यावर न्यायाधीश ज्यूरीस जे समजावून सांगतात, त्याचेही कायद्यातील नाव 'चार्ज'च. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांस तो निर्णय पटला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि तेथे वादाचा मोठा भाग हा झाला की ज्यूरीस केलेल्या 'चार्ज'मध्येच दिशाभूल करणाऱ्या चुका राहून गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली शिक्षा कायम केली. म्हणजे पहिला चार्ज उभा राहिला तो दुसरा चार्ज सदोष ठरल्यामुळे! १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीस जागा उरली नाही, आणि या शब्दाची ती एक खोली आपल्या देशापुरती बंद झाली.

सरकारी जगात मात्र त्याच्या खोल्या वाढतच गेल्या. जनगणनेत 'चार्ज' हा भूप्रदेश असतो आणि त्यावर 'चार्ज ऑफिसर' नेमला जातो. दारूगोळ्याच्या कारखान्यांत 'चार्जमन' नावाचा हुद्दा असतो. तो बंदुकीत काही ठासत नाही, माणसांवर देखरेख करतो, पण अशा कारखान्यात हे नाव ऐकून नवख्या माणसाने दोन पावले मागे सरावे हे स्वाभाविक आहे. आणि आपल्या राज्यघटनेच्या ११२ व्या अनुच्छेदात काही खर्च देशाच्या संचित निधीवर 'चार्ज' केलेला आहे. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन हे त्यांपैकी. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मत घेतले जात नाही. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात अशा खर्चास 'भारित' म्हणतात आणि दुसऱ्यास 'दत्तमत'. 'भारित' हा शब्द रुक्ष खरा, पण त्यात जुना गाडा शाबूत आहे.

इतक्या अर्थांचा हा शब्द इंग्रजांस तरी नीट सांभाळता येतो काय? एके ठिकाणी त्यांचीही तारांबळ होते. दाई बालकाच्या 'इन चार्ज' असते. मध्ये 'द' हे एवढेसे उपपद घातले की तीच दाई बालकाच्या स्वाधीन होते. सांभाळणारा कोण आणि सांभाळला जाणारा कोण, हे ठरविण्याचे काम एका अक्षरावर सोपविलेले! शिवाय सांभाळले जाणारे मूल, तेही स्वतः 'चार्ज'च. या ठिकाणी मराठीची श्रीमंती पाहावी. कैदी ताब्यात असतो, खजिना जिम्मेस असतो, पोरके मूल मामाच्या सांभाळात असते, दागिने विश्वासाच्या माणसाच्या हवाली करतात, आणि शेत वाटेकऱ्याच्या स्वाधीन करतात. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून पाहा, लगेच खटकेल. मूल मामाच्या 'ताब्यात' आहे असे म्हटले की वाचकाच्या मनात कोर्टकज्जा उभा राहतो. आरोपाच्या बाबतीतही हेच. इंग्रजी 'चार्ज' खरा की खोटा हे सांगत नाही. मराठीत 'आळ' म्हटला की तो बहुधा खोटा, 'बालंट' म्हटले की ते ध्यानीमनी नसता आलेले, आणि 'ठपका' म्हटला की तो वरिष्ठाने ठेवलेला. ज्याच्यावर कधी ठपका आला आहे, त्याने हा भेद कोशात शोधावा लागत नाही.

तर मग मराठीस असा एखादा बहुरूपी शब्द घडवता आलाच नाही, असे कोणी म्हणेल. त्यास आम्ही 'बार' हा शब्द दाखवू. मद्यगृहाचा बार नव्हे. फारसीतून आलेला, ओझे या अर्थाचा. माल बांधण्याच्या गोणपाटास आपण बारदान म्हणतो, त्यात तो मूळ अर्थाने बसला आहे. पुढे बंदुकीत ठासलेली दारू हा 'बार' झाला, मग ती उडाल्याचा आवाजही 'बार' झाला. तेथून दिवाळीतला आपटीबार झाला, वक्त्याचा फुसका बार झाला, तळहातावर चोळून गालात धरलेल्या तंबाखूचा बार झाला, आणि मुलीच्या बापाने एकदाचा लग्नाचा बार उडवून दिला. हा प्रवास कोणत्याही समितीने आखून दिलेला नाही. ओझ्यापासून दारूपर्यंत 'चार्ज' ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने, त्याची ओळखदेख नसता, आमचा 'बार'ही गेला. तंबाखूपर्यंत मात्र 'चार्ज'ची मजल गेली नाही.

याच 'बार'चा एक वंशज तर आणखी दूर गेला. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हे आपण इतिहासात वाचतो. फारसीत 'बारगीर' म्हणजे ओझे घेणारा. आता इंग्रजीत लढाऊ घोड्यास 'चार्जर' म्हणतात हे आठवावे. एका भाषेत ओझ्याच्या कुळातला शब्द घोड्यास मिळाला, दुसरीत स्वारास. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालवर चालून जात राहिल्या, आणि तिकडच्या तोंडी हा बारगीर 'बर्गी' झाला. आमचे जे वाचक कलकत्त्यास राहिले आहेत त्यांस ठाऊक असेल की हा शब्द तेथे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा अंगाईगीतातून अधिक भेटतो. शेजारीण मुलास निजवताना ज्यांचे भय घालते ते आपलेच पूर्वज, हे ऐकून मराठी माणूस क्षणभर गप्प होतो. ओझे उचलणाऱ्याचे नाव लुटणाऱ्याचे झाले. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवर अवलंबून नसतो, ज्याच्या दारावर तो येऊन आदळतो त्याच्या अनुभवावरही तो ठरतो, याचे प्रत्यंतर आम्हांस तेथे आले.

फारसी 'बार' आणि संस्कृत 'भार' हे मुळात एकाच कुळातले. तेव्हा आपला 'कारभार' कोणाच्याही पाठीवर ठेवला तरी तो ओझेच. या 'भारा'चे मराठीतील कुटुंब फार मोठे: भारा, भारी, भारदस्त, आणि आभारसुद्धा. पण त्यातील रत्न आम्ही 'भारणे' या क्रियापदास मानतो. मांत्रिक दोरा भारतो, ताईत भारतो, पाणी भारतो. आणि सभेत एखादे भाषण असे होते की वातावरण भारले जाते. इंग्रज ज्यास 'चार्ज्ड' वातावरण म्हणतो त्यासाठी याहून नेमका शब्द कोणती समिती देणार आहे? भ्रमणध्वनीच्या बॅटरीसाठी हा शब्द कोणी योजून पाहिला नाही, याचे आम्हांस नवल वाटते. आमच्या एका मित्राच्या नातीस आम्ही सहज म्हटले, "तुझे यंत्र भारून झाले काय?" ती हसली, पण तिला समजले.

समित्यांचा विषय निघालाच आहे. शासनव्यवहाराची भाषा घडविणे हा आपल्याकडे नवा उद्योग नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. पेशव्याचे पंतप्रधान झाले, मुजुमदाराचे अमात्य झाले. तरी पुढे 'पेशवे' हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द असे रुळले की ते कोणी घडविले याची आठवण उरली नाही. १९६२ साली महाराष्ट्र शासनाचा पदनामकोश निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यास 'बदनामकोश' म्हणून खूप झोडपले. आज 'जिल्हाधिकारी' हा शब्द कोणास हसू आणीत नाही. तेव्हा नवा शब्द दिसला की नाक मुरडावे, या मताचे आम्ही नाही. पदार्थविज्ञानात 'प्रभार' आला, तो चांगलाच झाला. तेथे मराठीची जागा रिकामी होती. उलट हिंदी क्रमिक पुस्तकांत त्यासाठी 'आवेश' हा शब्द आहे. उत्तरेत शिकणाऱ्या आमच्या मराठी मुलांस आपल्या घरचा 'आवेश' ठाऊक असतो, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन ऋण आवेशाने फिरत आहे हे वाचून त्यांची जी करमणूक होते ती शिक्षकास कळत नाही. 'दोषारोपपत्र' हाही शब्द आम्ही मान्य करतो. लांब आहे, पण ज्याच्या हाती पडते त्यास ते आणखी लांब वाटत असते.

आमची तक्रार आहे ती एकाच इंग्रजी शब्दास सर्वत्र एकच प्रतिशब्द चिकटविण्याच्या हव्यासाविषयी. 'प्रभार' प्रयोगशाळेतून निघाला आणि कचेरीत शिरला: 'अतिरिक्त प्रभार', 'प्रभारी अधिकारी'. उत्तरेकडील बँकांच्या हिंदीत तो पैशांकडेही गेला: 'सेवा प्रभार'. आमच्या एका स्नेह्यांस शेजारच्या विभागाचा 'अतिरिक्त प्रभार' मिळाल्याचे पत्र आले. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी ते वाचून काळजीच्या सुरात विचारले, "किती भरावा लागेल रे?" त्या बिचाऱ्या चुकल्या नव्हत्या, वीज-पाण्याच्या कागदांनी त्यांस हेच शिकविले होते. या ठिकाणी महाराष्ट्रातील विजेच्या देयकाची आम्ही स्तुती करू. तेथे 'स्थिर आकार' आणि 'वहन आकार' असे छापलेले असते. 'आकार' हा आपल्या महसुलातील जुना शब्द. सातबाराच्या उताऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या बसला आहे, आणि आकारणी म्हणजे काय हे खेड्यातील म्हातारीस सांगावे लागत नाही. ज्या कोणा कारकुनाने तो उचलून देयकावर ठेवला त्यास शब्दाची पारख होती. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश काढला, तेव्हा त्यांची रीत हीच होती: इंग्रजी शब्दासमोर लोकांत चालू असलेल्या मराठी शब्दांची रांग उभी करावी आणि निवड लिहिणाऱ्यावर सोडावी. परकीयांनी आपल्या भाषेवर दाखविलेला हा विश्वास आपणांस पुढे का दाखविता आला नाही?

दोष समित्यांच्याच माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्या वर्गाचाही त्यात वाटा आहे. कचेरीत इंग्रजी, बाजारात हिंदी किंवा तेथील भाषा, आणि घरी जी मराठी उरते तीत 'चार्ज'सारखे शब्द सगळी कामे करू लागतात. सोय होते, हे खरे. पण ताबा, जिम्मा, सांभाळ, हवाली यांतील भेद मुलांच्या कानांवरून जात नाही, आणि मग तो भेद मनातही उमटेनासा होतो. 'जिल्ह्याचा चार्ज घेतला' या वाक्यात जिल्हा ताब्यात आला की जिम्मेस आला, हे बोलणाऱ्यास स्वतःस तरी ठाऊक असते काय? आम्हांस नव्हते. पहिल्या नेमणुकीच्या दिवशी आम्हीही मोठ्या ताठ्याने घरी तार केली होती, 'चार्ज घेतला' अशी. वडिलांचे उत्तर आले त्यात अभिनंदन होते आणि पुढे विचारले होते, "तुजकडे काय काय सोपविले आहे ते सविस्तर लिही." आम्ही लिहिले ते पगाराचे आणि बंगल्याचे.

आमच्या ओळखीचे एक अधिकारी पूर्वेकडील एका ठाण्यावरून निवृत्त झाले. ठरावीक छापील कागद त्यांनी इंग्रजीत भरला. पण पेटीतील रोकड, एक दुरुस्त न झालेला पूल, दोन अनाथ मुलांची शिष्यवृत्ती, आणि ज्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण चार वर्षे अडले होते तिचे नाव, अशी एक निराळी यादी त्यांनी मराठीत केली, कारण पुढे येणारा गृहस्थही योगायोगाने मराठीच होता. वर लिहिले होते, 'खालील गोष्टी आपल्या हवाली करीत आहे.' नव्या अधिकाऱ्याने यादी दोनदा वाचली, पुलाविषयी एक प्रश्न विचारला, आणि खाली जुन्या पावत्यांवर असतात ते दोन शब्द लिहून सही केली: 'भरून पावलो.'